बर्डीच्या माडीवरचे ठोसे

नागपूरचा माणूस बाजारात जातो असे सहसा म्हणत नाही, ‘बर्डीले जाऊन येतो’ असे म्हणतो. सीताबर्डी हे पूर्ण नाव पत्त्यावर आणि मेट्रोच्या पाटीवर. लग्नाची साडी घ्यायची आहे, चला बर्डीला. चष्म्याची काडी तुटली, चला बर्डीला. आम्हीही गेली कित्येक वर्षे बर्डीला जातो, पण बहुतेक वेळा पिशवी रिकामी घेऊन परत येतो. कारण आम्ही तेथे खरेदीला जातच नाही. आम्ही मारामारी पाहायला जातो.

वाचकांनी दचकू नये. ही मारामारी नियमाची आहे, घड्याळ लावून होते आणि संपल्यावर मारणारे एकमेकांना मिठी मारतात. तिला मुष्टियुद्ध म्हणतात, आमची पोरे बॉक्सिंग म्हणतात. स्वतः आम्ही जन्मात कोणाला ठोसा मारलेला नाही. आम्ही आपले प्रेक्षक. परंतु प्रेक्षकालाही काही जबाबदारी असते, हे आम्हाला उशिरा कळले. ते का आणि कसे, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमची भाची दारात येऊन उभी राहिली. वय पंधरा, दहावीचे वर्ष. म्हणाली, “मामाजी, मले बॉक्सिंग शिकाचं हाये. तुमी जाता त्या बर्डीच्या क्लासमंदी मले घेऊन चाला.” तिच्या मागोमाग आमची बहीणही आली. तिने चपलाही काढल्या नाहीत. “दादा, हे खूळ तुमीच तिच्या डोक्यात भरवलं. पोरीचं नाक फुटलं त मंग कोन करन लग्न?” आम्ही काही बोललो नाही. पाणी दिले, दोघींना बसवले, आणि शेवटी एवढेच ठरले की आज तिघांनीही जायचे, पाहून यायचे, निर्णय नंतर.

इंदोरा चौकातून मेट्रोत बसलो. पूर्वी हाच रस्ता आम्ही वडिलांच्या सायकलच्या दांड्यावर बसून केला आहे. वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते, आणि सुटीच्या दिवशी आम्हाला बर्डी दाखवायला नेत. आता ती मिलही राहिली नाही, २००२ साली कायमची बंद झाली. मेट्रो कडबी चौक ओलांडून गड्डीगोदामला येते तेव्हा खाली पाहण्यासारखे असते. सर्वांत खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर आपण. बहीण खिडकीला नाक लावून पाहत होती, रागावलेली होती हे विसरून. कस्तुरचंद पार्क, झिरो माईल, आणि मग सीताबर्डी. जेमतेम दहा-बारा मिनिटांचा प्रवास.

मुंजे चौकातल्या उंच स्थानकातून बाहेर पडले की टेकडीवरचा किल्ला नजरेत येतो. बर्डीला मुळात दोन टेकड्या, एक मोठी, एक लहान. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी भोसल्यांची फौज आणि इंग्रजांची फौज यांची येथे गाठ पडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निकाल लागला. इंग्रज जिंकले. किल्ला आज सैन्याच्या ताब्यात आहे आणि वर्षातून मोजक्या दिवशीच, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टला सामान्य लोकांना आत जाता येते. १९५६ च्या ऑक्टोबरात धम्मदीक्षेसाठी बाबासाहेब नागपूरला आले तेव्हा ज्या श्याम हॉटेलात उतरले होते, तेही याच बर्डीत. आमच्या आईला त्या दिवसांची गर्दी आठवत असे. ती म्हणायची की बर्डीच्या रस्त्यावर पांढऱ्या कपड्यांशिवाय काही दिसत नव्हते.

आम्ही मेन रोड सोडला. व्हरायटी चौकाकडे तोंड करून मोदी नंबरच्या गल्ल्यांकडे वळलो की दुकानांच्या गर्दीत जुनी घरे लपलेली सापडतात. खाली कपड्यांचे दुकान, मधल्या मजल्यावर शिकवणी वर्ग, आणि अगदी वर पत्र्याच्या छताखाली आमची ती व्यायामशाळा. जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याला जागा द्यायची तर चढणाऱ्याने भिंतीला चिकटावे. पण जिन्यातूनच आवाज ऐकू येतो. दोरीच्या उड्यांचा ‘सप सप सप’, आणि त्यात मधूनच ‘धप्’. भाचीचे पाय आमच्या आधी वर पोहोचले.

वर काही थाट नाही. रिंग म्हणजे फरशीवर टाकलेल्या जाड गाद्या आणि चार कोपऱ्यांत लोखंडी खांब. तीन पिशव्या छताच्या कैचीला साखळीने टांगलेल्या. त्यांतली एक दुकानातली, बाकी दोन जुन्या ताडपत्रीच्या, आत चिंध्या आणि मध्यभागी वाळूची थैली घालून पोरांनीच शिवलेल्या. एका भिंतीला ट्रकचे टायर बांधलेले. उन्हाळ्यात पत्रा तापला की मे महिन्यात सकाळी सहाच्या आत सराव आटोपावा लागतो. येणारी पोरे कोण? एक जण घरोघर जेवणाचे डबे पोहोचवतो. दोघे बांधकामावर फरशी बसवतात. एक भाजीच्या गाड्यावर आईला मदत करून येतो. चार मुली आहेत, त्यांपैकी एकीची आई धुणीभांडी करते. जातीपातीचा, धर्माचा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. वजन किती, एवढेच विचारतात.

बहिणीला एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले. वस्तादांनी, म्हणजे तिथल्या प्रशिक्षकांनी, तिला ‘ताई, जय भीम’ म्हणून चहा मागवला. आमचा गळा मोकळा झाला आणि आम्ही सवयीप्रमाणे मायलेकींना हा खेळ समजावून सांगू लागलो.

मुष्टियुद्धाचे दोन संसार आहेत. एक हौशी, म्हणजे शाळा, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, ऑलिम्पिक असा चढत जाणारा. त्यात तीन फेऱ्या, मोठ्यांच्या गटात प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. पाच पंच गुण देतात, म्हणून निकाल ५-० किंवा ४-१ असा येतो. दुसरा संसार व्यावसायिक, पैशाचा. तेथे नवशिका चार फेऱ्या खेळतो आणि विश्वविजेतेपदाची लढत पुरुषांत बारा फेऱ्यांपर्यंत जाते. हातमोजेही हलके, आठ किंवा दहा औंसांचे, म्हणजे मार अधिक बसतो. पूर्वी बाराच्या जागी पंधरा फेऱ्या होत्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला दक्षिण कोरियाचा किम डुक कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला, त्यानंतर एकेका संघटनेने तीन फेऱ्या कमी केल्या. बहीण म्हणाली, “म्हंजे एक जन मेला तवा कुठी शहानपन आलं.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

या खेळाचे वेड आम्हाला वडिलांकडून लागले. जानेवारी १९८० मध्ये महंमद अली भारतात आले होते आणि दिल्लीत आपल्या कौर सिंग यांच्याशी प्रदर्शनीय लढत खेळले होते. वडिलांनी वर्तमानपत्रातले ते चित्र कापून पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले होते. गिरणीत बारा-बारा तास उभे राहणाऱ्या माणसाला अलींचे एवढे काय वाटावे? ते म्हणत, हा माणूस कोणापुढे मान खाली घालत नाही. १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धात जाण्यास नकार दिला म्हणून अलींचे विजेतेपद काढून घेतले गेले, ऐन उमेदीची तीन वर्षे हातची गेली. तरी ते नमले नाहीत. आपल्याकडे १९७२ साली दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्या काळात आपल्या वस्त्यांतल्या तरुणांना अली परके वाटलेच नाहीत.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आम्ही पुढे वाचली. जॅक जॉन्सन हे हेवीवेट गटातले पहिले कृष्णवर्णीय विश्वविजेते. आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. २६ डिसेंबर १९०८ रोजी त्यांनी सिडनीत टॉमी बर्न्सला हरवले. गोऱ्यांना ते इतके झोंबले की निवृत्त झालेल्या जेफ्रीजला पुन्हा उभे केले गेले. ४ जुलै १९१० रोजी जॉन्सन यांनी त्यालाही हरवले, आणि त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत काळ्या लोकांवर हल्ले झाले. १९१३ साली सगळ्या गोऱ्या ज्यूरींनी त्यांना एका खटल्यात दोषी ठरवले आणि त्यांना देश सोडावा लागला. आता हे वर्ष लक्षात घ्या. त्याच १९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले. एका माणसाला त्याच्या रंगापायी घर सोडावे लागत होते, आणि दुसरा माणूस जातीचे ओझे पाठीवर घेऊन त्याच देशात पोहोचत होता. जॉन्सन यांना माफी मिळाली ती २०१८ साली, मरणानंतर बहात्तर वर्षांनी.

पण आमचे मत विचाराल तर सर्वांत मोठी लढत जॉन्सन यांची नाही, अली आणि फोरमन यांची किन्शासाची १९७४ ची लढतही नाही. ती आहे १ ऑक्टोबर १९७५ ची, मनिलामधली अली आणि जो फ्रेझियर यांची तिसरी लढत. चौदा फेऱ्या दोघांनी एकमेकांना मरणाचे बडवले. फ्रेझियर यांचे डोळे सुजून मिटत आले होते, समोरून येणारा ठोसा दिसत नव्हता. पंधराव्या फेरीला उठायचे तर त्यांचे प्रशिक्षक एडी फच यांनी खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवले आणि लढत थांबवली. फ्रेझियर उठायला तयार होते. फच ऐकले नाहीत. विजेतेपद तीन मिनिटांवर होते, कारण पलीकडच्या कोपऱ्यात अलींचीही शक्ती संपली होती. कित्येक वर्षे आम्ही मित्रांच्या बैठकीत फच यांना नावे ठेवली. ‘एक फेरी खेळू द्यायची होती’ असे म्हणून तावातावाने भांडलो. त्याबद्दल पुढे सांगतो.

नंतर केबल आली आणि टायसनचा जमाना घरात आला. विसाव्या वर्षी, १९८६ साली विश्वविजेता झालेला हा पठ्ठ्या १९९७ च्या जूनमध्ये होलीफील्डचा कान चावून बाद झाला. आमच्या चाळीत तो दिवसभर हशाचा विषय होता. आम्हाला मात्र वाईट वाटले. एवढे सामर्थ्य, पण मनावर ताबा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हाच टायसन अठ्ठावन्नाव्या वर्षी जेक पॉल नावाच्या, वयाने निम्म्याहून लहान पोराशी खेळला. शनिवारची सकाळ होती, आम्ही सहा जण एका मोबाईलवर डोके खुपसून बसलो होतो. आठ फेऱ्या झाल्या, टायसन हरले. त्याला लढत म्हणायला आमची जीभ धजत नाही. म्हाताऱ्या माणसाला पैशासाठी उभे करून जगाला तमाशा दाखवला, एवढेच. त्याच कार्यक्रमात आपल्या हरियाणाचे नीरज गोयत जिंकले, तेवढाच आनंद.

आपल्याकडच्या व्यावसायिक मुष्टियुद्धाचे नाव घ्यायचे तर विजेंदर सिंग यांचे. हरियाणा रोडवेजच्या ड्रायव्हरचा मुलगा. २००८ साली बीजिंगला कांस्यपदक, भारतीय मुष्टियुद्धातले पहिले ऑलिम्पिक पदक. २०१५ साली ते व्यावसायिक झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत वरळीला त्यांनी चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला हरवले. तेव्हा सीमेवर तणाव होता. विजेंदर म्हणाले की शांततेसाठी आपण जिंकलेला पट्टा परत द्यायला तयार आहोत. आम्हाला ठोशांपेक्षा ते बोलणे आवडले. पुढे मार्च २०२१ मध्ये पणजीला रशियाच्या लोप्सानने त्यांना पहिली हार दाखवली. ऑगस्ट २०२२ मध्ये ते आपल्या शेजारी रायपूरला लढले. आमच्यातले दोघे रेल्वेने गेले. घानाचा प्रतिस्पर्धी दुसऱ्या फेरीतच संपला. जाऊन आलेले म्हणाले, प्रवासच मोठा झाला, लढत लहान. आमचे मत असे की प्रतिस्पर्ध्याची निवड बरोबरीची नसेल तर जिंकणाऱ्याचेही काही वाढत नाही.

हे सगळे आम्ही बोलत होतो आणि भाची ऐकतच नव्हती. ती एका मुलीकडे पाहत होती. ती मुलगी हाताला पट्टी गुंडाळत होती. अंगठ्यातून फास, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मुठीवर. वस्तादांनी भाचीला विचारले, “अल्फियाचं नाव आयकलं का बेटा?” भाचीने जोरात मान हलवली. बहिणीने विचारले, “कोन अल्फिया?”

अल्फिया पठाण आपल्या नागपूरची. वडील पोलीस खात्यात. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात सराव करून वर आलेली मुलगी. एप्रिल २०२१ मध्ये पोलंडला किएल्स येथे युवा जागतिक स्पर्धेत तिने ८१ किलोवरील गटात सुवर्णपदक जिंकले, अंतिम लढतीत ५-० अशा फरकाने. पुढच्या वर्षी कझाकस्तानात माजी विश्वविजेत्या कुंगेइबायेवाला हरवून एलोर्डा चषकाचे सुवर्ण, आणि त्याच वर्षी जॉर्डनमध्ये आशियाई सुवर्ण. मुलीने जाडजूड असणे म्हणजे काही कमीपणा, असे आपल्याकडे किती घरांत बोलले जाते! येथे तेच वजन तिची ताकद ठरले. आणि ती एकटी नाही. मेरी कोमचे आईवडील शेतावर राबणारे. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला ४८ किलो गटात विश्वविजेती झालेली मीनाक्षी हुड्डा ही ऑटोरिक्षा चालवणाऱ्याची मुलगी. बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे जावईही ऑटोच चालवतात. बहीण काही बोलली नाही, पण चहाचा कप हातात तसाच राहिला.

आता ती गोष्ट सांगितली पाहिजे जी सांगायला आम्हाला लाज वाटते.

याच माडीवर एक पोरगा होता. नाव सांगत नाही. आपल्याच वस्तीतला, बावीस वर्षांचा, दिवसा डबे पोहोचवणारा. डावा हात असा चाले की आम्ही त्याला ‘बर्डीचा फ्रेझियर’ म्हणत असू. तीन-चार वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातल्या एका आयोजकाने त्याला व्यावसायिक लढतीसाठी बोलावले. चार फेऱ्या, आणि पैसे असे की डबे पोहोचवून दोन महिन्यांत मिळणार नाहीत. वस्ताद म्हणाले, अजून वर्षभर थांब. आम्ही मंडळींनी मात्र त्याला चढवले. वर्गणी केली, बूट घेऊन दिले, आणि पाच जण त्याच्याबरोबर गाडीत बसून गेलो. वस्ताद आजारी होते, आले नाहीत.

प्रतिस्पर्धी त्याच्यापेक्षा वजनाने सरळ भारी दिसत होता. आम्हाला ते दिसले, आम्ही बोललो नाही. दुसऱ्या फेरीत आमचा पोरगा पडला, उठला. तिसऱ्या फेरीत पुन्हा पडला. त्याच्या कोपऱ्यात आयोजकानेच दिलेला एक अनोळखी माणूस होता, तो फक्त पाणी मारत होता. आणि आम्ही पाचही जण दोराजवळ उभे राहून ओरडत होतो, “उठ! उठ रे! एकच राऊंड राहिला!” तो उठला. आमच्या आवाजाला तो उठला. चौथ्या फेरीत त्याचे हात खाली होते, तरी पंचाने थांबवले नाही आणि आम्हीही टॉवेल टाकला नाही. टॉवेल आमच्यापैकी एकाच्या खांद्यावरच होता.

परतीच्या गाडीत त्याने आम्हाला विचारले, “काका, किती राऊंड झाले?” आम्ही सांगितले चार. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, “काका, किती राऊंड झाले?” तिसऱ्यांदा विचारले तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. पहाटे त्याला दोनदा उलटी झाली. नागपूरला उतरताच थेट दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सांगितले की मेंदूला हादरा बसला आहे. रक्तस्राव नाही हे नशीब. पूर्ण बरा होण्याआधी दुसरा मार बसला असता तर जिवावर बेतले असते. पुढचे कित्येक महिने त्याला उजेडाचा त्रास होई, हिशेब चुकत. डब्यांचे काम सुटले. आयोजकाने ठरलेल्या पैशांपैकी निम्मेही दिले नाहीत, कागदावर काही नव्हतेच. त्याच्या आईकडे आम्ही गेलो तेव्हा तिने आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. तिने एवढेच विचारले, “दादा, तुमी होते ना तिथं?”

होतो. आम्ही तेथेच होतो.

त्या दिवसापासून एडी फच या माणसाविषयी आमचे मत बदलले. फच यांनी रिंगमध्ये माणसे मरताना पाहिली होती. त्यांना पट्टा दिसत नव्हता, पोरगा दिसत होता. १९८० साली अलींच्या वेळी असाच निर्णय उशिरा झाला. होम्सशी दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर त्यांच्या कोपऱ्याने लढत थांबवली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा एकदा त्यांना उभे केले गेलेच. १९८४ साली अलींना कंपवाताचा आजार असल्याचे कळले. वडिलांच्या पेटीवरचे ते देखणे हसरे तोंड आणि १९९६ साली अटलांटाला ऑलिम्पिकची ज्योत पेटवताना थरथरणारा तो हात, दोन्ही आम्हाला आता एकदमच आठवतात.

मग आम्ही या माडीवर अजून का जातो? जातो, कारण तो पोरगाही जातो. तो आता लढत नाही. सकाळी लहान मुलांना दोरीच्या उड्या आणि पायांची चाल शिकवतो, आणि दुपारी एका दुकानात काम करतो. त्या रविवारीही तो होता. आमच्या भाचीला त्यानेच पहिला धडा दिला. “ठोसा मंग मारजो. आधी सरकणं शिक. डावा पाय पुढं, टाच उचल.” तिने दहा मिनिटे फक्त पुढे-मागे सरकायचा सराव केला. घामाने न्हाली, पण हसत होती. आमची बहीण खुर्ची पुढे ओढून पाहत होती. मध्येच तिने त्या पोराला विचारले, “बाबू, तुले लय लागलं होतं म्हनते. मंग तू पोरींले काऊन शिकवते?” तो म्हणाला, “मावशी, मले कोनी थांबवलं नाही. मी ह्यांले थांबवतो.”

खाली उतरून आम्ही तर्री पोहे खाल्ले. बर्डीला येऊन ते खाल्ले नाहीत तर आल्यासारखे वाटत नाही. तेथे बाकावर बसून बहीण आणि आम्ही काही गोष्टी ठरवल्या. त्या येथे लिहितो, कारण आपल्या वस्त्यांतून आता बरीच मुले-मुली या खेळाकडे वळत आहेत आणि त्यांच्या आईबापांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट, दहावीचा अभ्यास सुटणार नाही. सकाळी सराव, मग शाळा. खेळाडूंना राज्याच्या नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी नियमात बसणाऱ्या स्पर्धेचे खरे प्रमाणपत्र लागते, त्याची पडताळणी होते, आणि पदासाठी लागणारे शिक्षणही लागतेच. नुसत्या ठोशांवर नोकरी मिळत नाही. दुसरी गोष्ट, हौशी स्पर्धाच खेळायच्या, शाळेच्या आणि जिल्ह्याच्या. पैशाच्या लढतीचे नाव अठरा वर्षांपूर्वी काढायचे नाही, आणि नंतरही वस्तादांनी हो म्हटल्याशिवाय आणि करार कागदावर आल्याशिवाय नाही. तिसरी, वजन उतरवण्यासाठी पाणी तोडायचे नाही, उपाशी राहायचे नाही. ज्या गटात शरीर बसते त्या गटात खेळायचे. चौथी, डोक्याला मार बसून चक्कर आली, उलटी झाली, डोके दुखत राहिले, विसरायला झाले, तर त्याच क्षणी खेळ बंद आणि डॉक्टरकडे. डोक्यावर टोपी होती म्हणून काही झाले नसेल असे समजू नये. टोपीने कातडी फाटत नाही, आतला हादरा ती अडवू शकत नाही. आणि पाचवी, लढतीला घरचे एक माणूस बरोबर जाईल, आणि त्या माणसाच्या हातात टॉवेल असेल.

“तो टॉवेल माह्या हातात राहीन,” बहीण म्हणाली. “तुमच्या नाही.”

आम्ही मान्य केले. भाचीने पोह्यांची दुसरी प्लेट मागवली. वस्तादांनी सांगितल्याप्रमाणे रात्री हरभरे भिजत घालायचे म्हणून चौकातल्या दुकानातून दोन किलो हरभरे घेतले, हाताच्या पट्ट्यांची एक जोडी घेतली आणि संध्याकाळच्या आत मेट्रोने इंदोऱ्याला परतलो. बऱ्याच वर्षांनी बर्डीहून येताना आमची पिशवी भरलेली होती.

भाचीची पहिली जिल्हा स्पर्धा अजून दूर आहे. वस्ताद म्हणतात, सहा महिने तरी नुसते पाय. ती जिंकेल की हरेल ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही जाऊ, टाळ्याही वाजवू. परंतु कोणाचेही लेकरू खाली पडले, आपले असो की समोरच्याचे, तर ‘उठ’ म्हणून ओरडणार नाही. ज्या वाचकांची मुले या खेळात आहेत त्यांनीही ओरडू नये, एवढीच आमची विनंती आहे.